रेतीत उतरण्याआधी बे आंटा

चुडामणला दोन गोष्टी उपजतच येत होत्या, असं तो स्वतः सांगे. एक यंत्र आणि दुसरी गुजराती. यंत्राचा पुरावा घरातल्या भिंतीवरच टांगलेला होता. टोलाचं घड्याळ त्याने एकदा खोलून पुन्हा जोडलं होतं, आणि तेव्हापासून ते दर तासाला एक टोल जास्त देई. घरच्यांनी एक वजा करून वेळ समजून घ्यायची सवय लावून घेतली होती. गुजरातीचा पुरावा असा, की लहानपणी तो बापाबरोबर केळी घेऊन चार वेळा सुरतेला गेला होता. बाजारात कुणी 'केम छो' म्हणालं की तो 'मजामां' म्हणे, आणि पुढचं सगळं बोलणं समोरचा माणूस करी.

तर अशा या चुडामणने सन बासष्टच्या उन्हाळ्यात तापीकाठच्या काकरखेड्यात पहिला ट्रॅक्टर आणला. बार्डोलीकडच्या कुणा ऊसवाल्याने वापरून सोडलेला. मूळचा रंग तांबडा असावा असा गावाचा अंदाज होता. तो पहिल्यांदा वेशीतून आत आला तेव्हा अर्धं गाव त्याच्यापुढे धावत होतं, उरलेलं मागे, आणि मधे चुडामण असा ताठ बसला होता की स्वतःच्या वरातीतही तो इतका ताठ बसला नसेल. बायांनी ट्रॅक्टरला कुंकू लावलं. म्हाताऱ्यांनी चाकाला हात लावून पाहिला. एकाने पुढच्या जाळीसमोर पेंढीभर कडबाही टाकला, तो चेष्टेने की भक्तीने हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ओट्यावरून उठला नाही तो एकच माणूस, चुडामणचा थोरला भाऊ रूपचंद. घरातले सगळे त्याला अण्णा म्हणत. अण्णाच्या घरात अण्णाचा शब्द चाले, आणि अण्णाचा जीव होता गोठ्यातल्या पांढऱ्या जोडीवर. वजीर आणि दिवाण अशी त्या बैलांची नावं. ट्रॅक्टर दारात आल्यापासून चुडामण ते बैल विकायचं टुमणं लावून बसला होता आणि अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करत होता.

शेवटी निकालाची वेळ आली ती धाकट्या भावाच्या, भिलाच्या, लग्नात. नवरीचं गाव तापीच्या पलीकडच्या काठावर, समोरासमोर. दिसायला एवढंसं अंतर, पण वैशाखात नदीचं पात्र म्हणजे नुसती वाळू. पाणी मधे कुठेतरी घोट्याएवढं, आणि दोन्ही बाजूंना कोरडी, पाय टाकला की गुडघा गिळणारी भुसभुशीत रेती. गाडी न्यायची तर साध्या जोडीचा दम निघे. चुडामण जेवताजेवता बोलून गेला की भिलाला मी ट्रॅक्टरवर पलीकडे नेतो, रेती काय चीज आहे.

अण्णाने हातातला घास खाली ठेवला.

"भिला त्या काठले टॅक्टरवर पोचना, त बैल इकू," तो शांतपणे म्हणाला. "नही पोचना, त टॅक्टर इकू. दोन्ही पोसाले मी काय राजा नही शे."

ट्रॅक्टर जाणार ही कल्पनाच चुडामणला सहन होईना. सहा महिने मागे लागून त्याने अण्णाकडून तो मिळवला होता. तो गेला तर उरलेलं आयुष्य वजीर आणि दिवाणच्या शेपट्यांकडे बघत काढावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी बघत नाही असं बघून, त्याने ट्रॅक्टर नदीकाठच्या रेतीत घातला. वीस पावलं छान गेला. मग इंजिन एवढ्या जोरात ओरडायला लागलं की झाडावरचे बगळे उडाले, आणि ट्रॅक्टर मात्र जागच्या जागी उभा! चाकं फिरेनात. रुतून फिरत राहिली असती तरी एकवेळ समजलं असतं, पण चाकं स्वस्थ आणि इंजिन बेफाम, हा काय प्रकार? त्याने कसाबसा तो उलटा घेऊन बाहेर काढला. लग्न परवावर आलं होतं.

यावर औषध एकाच माणसाकडे होतं. खांडबाऱ्याला ठाकोरभाई मिस्त्री म्हणून एक गुजराती गृहस्थ पिठाची गिरणी चालवत. पंचक्रोशीतली ऑइल इंजिनं त्यांच्याच हातून बरी होत. चुडामण नंदुरबारला गेला, तिथून गाडी पकडून खांडबाऱ्याला उतरला, आणि बघतो तर ठाकोरभाई कोट-टोपी घालून, ट्रंक घेऊन त्याच गाडीत चढत होते. भाचीच्या लग्नाला ते सुरतेला निघाले होते. गाडी थांबणार दोन मिनिटं. चुडामण खिडकीला लटकला आणि त्याने इंजिन ओरडण्यापासून बगळे उडण्यापर्यंतची सगळी हकिकत एका दमात सांगून टाकली.

ठाकोरभाईंनी क्षणभर डोळे मिटले. वैद्याने नाडी धरावी तसे ते दिसत होते.

"क्लच सरके छे," ते म्हणाले.

म्हणजे क्लच निसटतोय. इंजिनाची तबकडी आणि चाकाकडची तबकडी यांनी एकमेकींना घट्ट धरायला हवं. साध्या जमिनीवर धरतात, पण रेतीत जोर पडला की पकड सुटते. एवढं चुडामणला समजलं. मग त्याने उपाय विचारला, आणि नेमक्या त्याच वेळी गाडीच्या इंजिनाने शिटी दिली. ठाकोरभाई काहीतरी पुष्कळ बोलले. हातवारे केले, पायाने खाली कशावर तरी दाबल्यासारखं दाखवलं. शिटी संपली तेव्हा गाडी हलली होती आणि चुडामण फलाटावरून सोबत धावत होता. खिडकीतून बाहेर आलेली दोन बोटं त्याला दिसली, आणि शेवटचं वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"रेतीमां उतरतां पहेलां बे आंटा मारजो! बे ज! वधारे नहीं!"

गाडी नवापूरच्या दिशेने निघून गेली. चुडामण धापा टाकत उभा राहिला, पण आनंदाने. आंटा म्हणजे फेरा. 'बाजारात आंटा मारून येतो' असं सुरतेला दिवसातून दहादा त्याच्या कानावर पडलं होतं. रेतीत उतरण्याआधी दोन फेरे मारायचे, दोनच, जास्त नाही! इतका सोपा उपाय, आणि सबंध खानदेशात तो कळण्याजोगी गुजराती एकट्या त्याला येत होती. परतीच्या गाडीत त्याने ही युक्ती आपल्या परीने उलगडूनही टाकली. बैल जुंपण्याआधी जरा फिरवतात, अंग मोकळं करतात, तसंच यंत्राचं असणार. क्लच गरम झाला की पकड बसत असणार. तर्काला धरूनच होतं.

फेरे कशाभोवती मारायचे एवढंच ठाकोरभाईंनी सांगितलं नव्हतं. पण घरी आल्यावर आई, फुलवंताबाई, हिने तो प्रश्न उभाच राहू दिला नाही. नवरदेव नदी ओलांडण्याआधी मारुतीला जाणारच, तेव्हा फेरे मारुतीलाच. शंका तिला निराळीच होती.

"दोन फेरा कधी कोन्ही मारस का?" ती म्हणाली. "मारुतीले पाच लागतस."

चुडामणने सांगून पाहिलं की मिस्त्रीने 'वधारे नहीं' असं बजावलंय. आईने विचारलं, तो मिस्त्री मोठा की मारुती. चुडामणने विचार केला. दोनाने क्लच बरा होत असेल तर पाचाने तो अडीचपट बरा होईल. त्याने पाच कबूल केले.

लग्नाच्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर सजून उभा राहिला. पुढे केळीचे खांब, जाळीला आंब्याचा टहाळा, मागे ट्रॉलीत वऱ्हाडी बाया, आणि मोठ्या चाकावरच्या पत्र्यावर मुंडावळ्या बांधलेला भिला. लग्न गोरजमुहूर्ताचं होतं. वेळ भरपूर होता. चुडामणने डोळे मिटून नमस्कार केला आणि ट्रॅक्टर मारुतीच्या देवळाभोवती वळवला.

देऊळ गावाच्या मधोमध, भोवतीचा रस्ता एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढा. एका बाजूला लोकांचे ओटे, दुसऱ्या बाजूला चुडामणच्याच दारातला लग्नाचा मांडव. अशा वाटेने जायचं तर चालायच्या वेगाने, आणि चालायच्या वेगाने जायचं तर पाय सारखा क्लचच्या पेडलवर. अर्धवट दाबायचा, अर्धवट सोडायचा. पहिल्या फेऱ्याला गाव हसलं. दुसऱ्या फेऱ्याला वाजंत्रीवाल्यांना वाटलं वरात निघाली, त्यांनी ताशावर काठी टाकली. तिसऱ्या फेऱ्याला वाजंत्रीमागे माणसं नाचायला लागली, त्यामुळे ट्रॅक्टरचा वेग आणखी कमी झाला आणि चुडामणचा पाय पेडलवर आणखी रुतला. चौथ्या फेऱ्याला ट्रॉलीच्या कोपऱ्यात मांडवाचा दोर अडकला.

त्याला कुणीतरी ओरडून सांगितलं. तो थांबणारही होता. पण ट्रॉलीतून आईचा आवाज आला की फेरा अर्धवट सोडायचा नाही, अपशकुन होतो. चुडामणने जीव मुठीत धरून ट्रॅक्टर पुढे रेटला. मांडव एका बाजूने आदबीने वाकला, मग त्याचे दोन खांब उपटून वऱ्हाडात सामील झाले. पाचवा फेरा त्या खांबांसकट पूर्ण झाला. गावातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी दणक्यात वरात काकरखेड्यात आधी कधी निघाली नव्हती.

एका विचित्र वासाकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. केस जळाल्यासारखा वास येत होता. चुडामणला वाटलं, भटारखान्यात काहीतरी करपलं. ट्रॉलीतल्या बायांनाही तसंच वाटलं, आणि आज भात कुणी बघितला यावरून दोघींचं थोडं वाजलंही.

मागून अण्णा चालत होता. त्याच्या मागे सालदार नथ्थू वजीर-दिवाणला मोकळे घेऊन येत होता. बैलांना नदीवर पाणी पाजायचंय असं अण्णाने सांगितलं होतं. पाणी पाजायला जू आणि साखळदंड कशाला लागतो, असं विचारायचं धाडस नथ्थूला झालं नाही.

रेती सुरू झाली. समोरच्या काठावर नवरीकडची माणसं रांगेने उभी होती, कारण नवरदेव ट्रॅक्टरवर येणार ही बातमी दोन दिवस आधीच पलीकडे पोचली होती. ट्रॅक्टर तीस पावलं गेला. चाळीस गेला! चुडामणने वळून अण्णाकडे असं पाहिलं की जणू बैलांचं गिऱ्हाईक दारात उभंच आहे. पन्नासाव्या पावलाला इंजिनाने तो जुना सूर धरला. किंकाळ्या वाढल्या, धूर वाढला, आणि ट्रॅक्टर उभा राहिला. या वेळी बगळ्यांबरोबर वऱ्हाडातली दोन माणसंही पळाली.

चुडामणने जोर दिला, सोडला, पुन्हा दिला. पेडलच्या खालून निळा धूर यायला लागला. आता वास कुठून येतो हे सगळ्यांनाच कळलं आणि भाताबद्दल भांडलेल्या बायांनी एकमेकींची समजूत काढली. ऊन कलायला लागलं होतं.

"भाऊ, मुहूर्त टळी जाई," भिला पत्र्यावरून म्हणाला. "मी उतरू का?"

"उतरू नको!" चुडामणचा आवाज चिरकला. "तू उतरना, त टॅक्टर गया."

अण्णा शेजारी येऊन उभा राहिला. त्याने नथ्थूकडे नुसतं पाहिलं.

"चुडामण भाऊ," नथ्थूने अदबीने विचारलं, "बैल जुपू का?"

चुडामणने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे ठरण्याआधीच नथ्थूने साखळदंड ट्रॅक्टरच्या पुढच्या कडीत अडकवला. वजीर आणि दिवाण यांनी एकदा एकमेकांकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि ट्रॅक्टर, ट्रॉली, बाया, केळीचे खांब आणि नवरदेव हे सगळं एका लयीत रेतीवरून सरकायला लागलं.

आता अब्रू वाचवायची एकच वाट उरली होती. चुडामणने इंजिन बंद केलं नाही. उलट मोठं केलं. तोंडावर करारी भाव आणून, चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून तो बसून राहिला. लांबून पाहणाऱ्याला ट्रॅक्टरच बैलांना ढकलत आणतोय असं वाटावं, ही त्याची मनोमन इच्छा होती, आणि ती थोडीफार फळाला आली. पलीकडच्या काठावर नवरीची म्हातारी आजी डोळ्यांवर हात धरून मोठ्याने विचारत होती.

"टॅक्टर बैलेस्ले ढकली ऱ्हायना, का बैल टॅक्टरले वढी ऱ्हायनात?"

"बैल वाट दखाडी ऱ्हायनात, माय," भिलाने मुंडावळ्या सावरत उत्तर दिलं. तो हुशार मुलगा होता. पुढे ग्रामपंचायतीत निवडून आला.

मुहूर्त सापडला. लग्न थाटात लागलं. घरी परतल्यावर प्रश्न उरला तो एवढाच, की पैज कोणी जिंकली? चुडामणचं म्हणणं, भिला पलीकडे ट्रॅक्टरवर बसूनच पोचला, एक पाऊलसुद्धा खाली उतरला नाही. अण्णाचं म्हणणं, भिला ट्रॅक्टरवर पोचला हे खरं, पण ट्रॅक्टर कशावर पोचला? दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे आठ दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. दरम्यान चुडामणने ठाकोरभाईंना कार्ड टाकलं की क्लच जळाला, सुरतेहून त्याचं सामान घेऊन या. आणि अण्णाने धानोऱ्याला निरोप धाडला की एक ट्रॅक्टर विकायचा आहे.

ठाकोरभाई आधी आले, आणि दुसऱ्याच दिवशी धानोऱ्याचं गिऱ्हाईकही येऊन धडकलं. ठाकोरभाईंनी आदल्या दिवशीच ट्रॅक्टर मधून खोलून क्लचची नवी तबकडी बसवली होती आणि आज ते शेवटचा हात फिरवायला ट्रॅक्टरखाली शिरले होते. ओट्यावर अण्णा आणि धानोऱ्याचं गिऱ्हाईक चहा पीत होते. चुडामण ट्रॅक्टरपाशी उकिडवा बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते धुराने आले असं सांगत होता, पण ट्रॅक्टर बंद होता.

तबकडी एवढी जळण्याचं कारण ठाकोरभाईंना समजेना. त्यांनी खालून विचारलं, "में कह्युं हतुं, बे आंटा मारजो. मार्या हता के नहीं?"

"मार्या," चुडामण म्हणाला. अण्णा ऐकतोय हे पाहून त्याने आवाज चढवला. "दोन नही. पाच मार्या."

खालून पाना पडल्याचा आवाज आला. "पाच? कई बाजू?"

कोणत्या बाजूने, हे काय विचारणं झालं? चुडामणला जरा रागच आला. तो धार्मिक घरातला होता.

"मारुतीले उजव्या हातले ठीसन," प्रदक्षिणेची रीत शिकवावी तसा तो म्हणाला.

मग ठाकोरभाई आधी पायांनी, मग पोटाने आणि शेवटी तोंडाने असे सावकाश बाहेर आले.

"मारुति?" त्यांनी विचारलं. "एमां मारुति क्यांथी आव्या?"

यात मारुती कुठून आले, याचा मग उलगडा झाला. पेडलच्या मागे, दांडीच्या टोकाला, बोराएवढा एक नट होता. तो दोन वेढे ढिला करायचा होता. पेडलला थोडा मोकळा खेळ मिळाला, की दोन तबकड्या एकमेकींना पूर्ण धरतात आणि रेती असो की गारा, ट्रॅक्टर निघतो. मळसूत्राच्या एका वेढ्यालाही गुजरातीत आंटाच म्हणतात. आणि देवळाभोवती पेडल अर्धवट दाबून मारलेल्या पाच फेऱ्यांत त्याच तबकड्या एकमेकींवर घासून जळाल्या होत्या. 'नट' हा शब्द शिटीत गेला होता. गुजराती येणाऱ्या माणसाला तो नुसता हातवाऱ्यांवरून कळायला हवा होता, असं ठाकोरभाई फार सौम्यपणे म्हणाले. मग त्यांनी चुडामणचा हात धरून त्या नटावर ठेवला आणि पाना फिरवून दाखवला. एक. दोन. दुपारच्या चहाला लागावा त्याहून कमी वेळ लागला.

ट्रॅक्टर नदीवर नेला. मागे गाव, पुढे चुडामण, ओट्यावरून उठून आलेला अण्णा, आणि माल चालू स्थितीत बघायला मिळतोय म्हणून खूश असलेलं धानोऱ्याचं गिऱ्हाईक. रेती लागली. पन्नास पावलं झाली. शंभर झाली! इंजिनाचा सूर बदलला नाही. चाकांनी दोन्ही बाजूंना वाळू उडवली, मधलं पाणी फाडलं, पलीकडच्या काठाला टेकून ट्रॅक्टर वळला आणि तसाच परत आला. चुडामण वर बसून लहान मुलासारखा ओरडत होता. गाव नाचत होतं. नवरीच्या आजीने पलीकडून हात हलवला आणि यावेळी काही विचारलं नाही.

धानोऱ्याच्या गिऱ्हाइकाने ट्रॅक्टर पसंत असल्याचं तिथल्या तिथे सांगितलं. चुडामणचं ओरडणं थांबलं. तो खाली उतरला, अण्णासमोर उभा राहिला आणि मान खाली घालून त्याने सगळं कबूल केलं. चूक आपली, शिटीची, थोडी आईची, ट्रॅक्टरची नाही. एवढा एक जाऊ देऊ नका, म्हणाला. बैलांना पुन्हा कधी विका म्हणणार नाही.

अण्णाने चाकाला लागलेली ओली वाळू बोटाने निपटली. मग तो गिऱ्हाइकाकडे वळला.

"टॅक्टर नही इकाव," तो म्हणाला. "त्यामा काही खोड नही शे. खोड हाकणारामा शे. आन त्याले इकत लेणारा तुम्हना धानोरामा बी भेटणार नही."

सगळे हसले. चुडामणही हसला, जोरजोरात. ट्रॅक्टर राहिल्याचा त्याला इतका आनंद झाला होता, की हाकणारा म्हणजे कोण, हे त्याच्या लक्षात यायला संध्याकाळचं जेवण उजाडलं. तेव्हा घड्याळाने नऊ टोल दिले होते. म्हणजे आठ वाजले होते.